घोंगडी, निफाडचा गारठा आणि सोबतच्या चिठ्ठीवरचे दावे

गेल्या हिवाळ्यात हातमागावर विणलेली, देशी मेंढीच्या लोकरीची एक काळी घोंगडी मी ३,४०० रुपयांना विकत घेतली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत ती आमच्या घरी रोज रात्री वापरात राहिली. लांबी सुमारे ८ फूट, रुंदी ४ फूट आणि वजन अडीच किलोच्या आसपास. घोंगडीच्या घडीत एक छापील चिठ्ठी होती आणि ही घोंगडी पांघरल्याने किंवा अंथरल्याने रक्तदाब, संधिवात, पाठदुखी, अर्धांगवायू, निद्रानाश आणि कांजिण्या बरे होतात, असे तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. तीन महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे आहे की घोंगडी घेण्यासारखी आहे आणि चिठ्ठी फाडून टाकण्यासारखी आहे. परंतु त्या चिठ्ठीतील काही दाव्यांच्या मुळाशी अर्धवट का होईना, सत्य आहे, आणि ते कोणते हे समजण्यासाठी थंडी माणसाच्या शरीराचे नेमके काय करते याचा विचार करावा लागतो.

खरेदीला कारण झाले ते माझे वडील. अण्णांचे वय ७८, रक्तदाबाची गोळी गेली १५ वर्षे चालू, अंगाने सडसडीत, आणि वर्षभर मुक्काम निफाड तालुक्यातील मळ्यातल्या घरात. निफाडची थंडी ठाऊक नाही असा मराठी वृत्तपत्रवाचक विरळा असेल, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरला की तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येतो. त्या दिवसांत आमच्याकडचे द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून जिवाचा आटापिटा करतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र ‘त्यांना सवय आहे’ एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो. मीही तो अनेक वर्षे तसाच संपवत आलो होतो.

आपली घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. वारा खेळावा म्हणून छताखाली झरोके, खिडक्यांच्या फटी तशाच, आणि वर सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा, जो निरभ्र रात्री दिवसभराची सगळी उष्णता आकाशाला देऊन मोकळा होतो. अण्णांच्या खोलीत मी एक साधा तापमापक टांगला होता. जानेवारीतील कडाक्याच्या आठवड्यात पहाटे ५ वाजता तो ११ ते १३ अंशांच्या दरम्यान असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत समशीतोष्ण आणि थंड हवामानाच्या देशांसाठी घरातील किमान सुरक्षित तापमान १८ अंश धरले आहे. ती तत्त्वे लिहिताना निफाड कोणाच्या डोळ्यांसमोर नसणार हे उघड आहे, तरी अण्णांचे शरीर ११ अंशांत जे करते, ते इतर कोणत्याही देशातील ७८ वर्षांच्या शरीरापेक्षा वेगळे नसते. युरोपातील घरात त्या वेळी भिंतीवरची यंत्रणा खोली तापवत असते. आपल्याकडे ते काम पांघरुणाला करावे लागते, म्हणून पांघरुणाची परीक्षाही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

स्वस्थ बसलेल्या, कपडे न घातलेल्या माणसाला हवा २८ ते ३० अंशांची असेल तर आपले ३७ अंशांचे आंतरिक तापमान राखण्यासाठी वेगळे कष्ट करावे लागत नाहीत. हवा त्याहून थंड झाली की त्वचेतील संवेदक मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाला खबर देतात आणि पहिला उपाय म्हणून त्वचेतील, विशेषतः हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तळहात, तळपाय, नाक आणि कान यांत उष्णता बाहेर टाकण्यासाठीच जणू योजलेल्या खास रक्तवाहिन्या असतात. त्या मिटल्या की कोमट रक्त पोटाकडे आणि छातीकडे वळते, बोटे पांढुरकी पडतात, आणि शरीर हातपाय थंड होऊ देऊन हृदय, यकृत व मेंदू उबदार ठेवते. हा व्यवहार शहाणपणाचा आहे, पण फुकटचा नाही. वाहिन्या अरुंद झाल्या की तेवढेच रक्त ढकलण्यासाठी हृदयाला अधिक जोर लावावा लागतो आणि रक्तदाब चढतो. मधोमध गोळा झालेले रक्त पाहून मूत्रपिंडांचा असा समज होतो की शरीरात द्रव जास्त झाला आहे, म्हणून ती अधिक मूत्र तयार करतात. थंडीत पुन्हापुन्हा लघवीला उठावे लागते त्याचे हे एक कारण आहे. द्रव असा कमी होत गेला आणि तहानही लागली नाही की रक्त काहीसे दाट होते, आणि दाट रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके हिवाळ्यात वाढतात ते या साखळीमुळे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतील ७ कोटी ४० लाखांहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी आणि ०.४२ टक्के मृत्यूंचा संबंध उष्णतेशी जोडता आला. त्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की थंडीमुळे झालेले बहुतेक मृत्यू हाडे गोठवणाऱ्या थंडीच्या दिवसांतले नव्हते, बेताच्या, कोणाच्या फारशा ध्यानातही न येणाऱ्या थंडीच्या दिवसांतले होते. बर्फ पडत नाही म्हणून आपल्याकडे थंडीचा त्रास नाही, हा समज यानंतर टिकत नाही.

आकुंचनाने भागले नाही की शरीर दुसरे हत्यार काढते, ते म्हणजे हुडहुडी. स्नायू आपल्या इच्छेविना थरथरतात आणि विश्रांतीच्या वेळेपेक्षा कित्येक पट उष्णता निर्माण करतात, अर्थातच साठवलेले इंधन जाळून. अंगावर येणारा काटा हा केसाळ पूर्वजांचा वारसा आहे. केस उभे राहून त्यांत हवा अडकली असती तर उपयोग झाला असता, आपल्या अंगावर आता तेवढे केस उरलेले नाहीत. मेंढीच्या अंगावर आहेत, आणि आपण तेच कातून पांघरतो.

वय झालेल्या शरीरात या सगळ्या योजना ढिल्या पडतात. स्नायूंचे प्रमाण घटल्यामुळे हुडहुडी कमजोर असते, त्वचेखालची चरबी पातळ झालेली असते, वाहिन्यांचे आकुंचन मंद असते, आणि सर्वांत धोक्याची बाब म्हणजे थंडी वाजत असल्याची जाणीवच बोथट होते. अण्णा १२ अंशांच्या खोलीत पातळ चादर घेऊन ‘मला काही थंडी नाही’ असे म्हणत, तेव्हा ते आम्हाला त्रास नको म्हणून खोटे बोलतात, अशी माझी समजूत होती. ते बहुधा खरे बोलत होते. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला अल्पतापावस्था म्हणतात. त्यानंतर बोलणे जड होते, माणूस गोंधळतो, आणि ३२ अंशांच्या खाली तर हुडहुडीदेखील थांबते, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की आता थंडी ओसरली. हे घडायला हिमालय लागत नाही. गारठलेल्या खोलीत, कमी खाल्लेल्या आणि कमी हालचाल करणाऱ्या वृद्ध माणसाच्या बाबतीतही ते घडू शकते. घराघरांत असणारा जुना पाऱ्याचा तापमापक ३५ अंशांपासूनच सुरू होतो, तेव्हा त्याखालचे काही तो दाखवणार नाही, हेही माहीत असलेले बरे.

आता घोंगडीकडे. कोणतेही पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करत नाही. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता रात्रभर बाहेर टाकत असतो, आणि ती किती वेगाने निघून जाते एवढेच पांघरुणाच्या हातात असते. ते काम प्रत्यक्षात करते ती धाग्यांमध्ये अडकून स्थिर झालेली हवा. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि म्हणूनच घामाने दमट झालेले सुती पांघरूण पहाटे अंगाला गार लागते. लोकरीचा तंतू मुळात नागमोडी असल्याने दाबला तरी पुन्हा फुगतो, हवेचे कप्पे टिकवतो, आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओला लागत नाही. बाष्प शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेरही टाकते. ओल्या हवेत घोंगडी ओढल्यावर लगेच जी ऊब जाणवते, तिच्यात या गोष्टीचा थोडा वाटा असतो. पावसात घोंगडीची खोळ करून मेंढरांमागे दिवसभर हिंडणारा धनगर हे सगळे कोणी न सांगता जाणून आहे.

तुलनेसाठी माझ्याकडे दोन पांघरुणे होती. एक जाड, गुळगुळीत, फुलाफुलांचे कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट, जे आज महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत लग्नातल्या आहेराच्या रूपाने येऊन पडलेले असते. आणि दुसरी आईने शिवलेली जुन्या लुगड्यांची गोधडी. निव्वळ ऊब धरण्याच्या बाबतीत जाड कृत्रिम ब्लँकेट घोंगडीपेक्षा मुळीच कमी नाही, पहिल्या तासाभरात तर ते सरसच ठरते, आणि हे मी घोंगडीच्या प्रेमापोटी लपवणार नाही. फरक मध्यरात्रीनंतर कळतो. पॉलिएस्टर बाष्प जवळपास शोषतच नाही. अंगातून निघालेला ओलावा आतल्या आत कोंडतो, माणूस घामेजून पांघरूण भिरकावतो, आणि मग नेमक्या पहाटे, जेव्हा शरीराचे स्वतःचे तापमान दिवसभरातील नीचांकाला असते, तेव्हा उघडा पडतो. अण्णांचे हे रोजचे होते. मी पहाटे पाहायला जाई तेव्हा ब्लँकेट पायाशी आणि ते आखडून कुशीवर. घोंगडी पांघरलेली असताना तसे झालेले मी दोन-तीनदाच पाहिले. तिचे वजनही त्याला कारण असेल, कारण अडीच किलोचे पांघरूण झोपेत सहज लाथाडता येत नाही.

निद्रानाशाच्या दाव्यात तथ्य आहे ते याच ठिकाणी. झोप लागण्यापूर्वी हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, तेथून उष्णता बाहेर जाते आणि शरीराचे आंतरिक तापमान हळूहळू उतरते. हे उतरणे सुरू झाले की झोप येते. पाय गार असतील तर वाहिन्या मिटलेल्या राहतात आणि हा सगळा क्रम अडतो. १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात बाझेल येथील संशोधकांनी पाय उबदार असणे आणि झोप लवकर लागणे यांचा हा संबंध दाखवून दिला होता. आपल्या घरांत आजीने झोपण्यापूर्वी तळपायांना काशाची वाटी घासणे किंवा तेल चोळणे यामागे कदाचित हाच अनुभव असावा. मी घोंगडीचा पायाकडचा भाग दुमडून दुहेरी करतो, आणि अण्णा पूर्वी अर्धा-पाऊण तास तळमळत असत ते आता बऱ्याच लवकर झोपतात. याला निद्रानाश बरा होणे म्हणता येणार नाही. ज्याची झोप काळजीने किंवा दुखण्याने उडाली आहे, त्याला घोंगडी काय करणार?

रक्तदाबाच्या दाव्याबद्दल मात्र कठोर बोलायला हवे, कारण त्यात जीव गुंतलेला आहे. उबदार झोपल्याने थंडीमुळे चढणारा रक्तदाब तेवढ्यापुरता कमी चढतो, हे वर सांगितलेल्या यंत्रणेवरून पटण्यासारखे आहे. हिवाळ्यात अनेकांचा रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा काही अंकांनी जास्त राहतो आणि डॉक्टर त्यानुसार गोळीची मात्रा बदलतात, हेही खरे आहे. पण थंडीमुळे चढलेला भाग टळणे वेगळे आणि मूळ विकार बरा होणे वेगळे. अण्णांनी चिठ्ठी वाचली आणि तिसऱ्याच दिवशी मला विचारले, “मग आता गोळी अर्धी केली तर चालेल का रे?” विक्रेत्याला असा प्रश्न ऐकावा लागत नाही, तो घरच्यांना ऐकावा लागतो. मी रोज सकाळी त्यांचा रक्तदाब मोजून वहीत लिहीत होतो आणि आकडे डिसेंबरच्या मानाने जानेवारीत बरे दिसतही होते. परंतु मधल्या काळात डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती, त्यामुळे त्या वहीवरून घोंगडीला कोणतेही श्रेय देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घोंगडी ही गोळीची जागा घेऊ शकत नाही, एवढे मात्र कोणत्याही वहीशिवाय सांगता येते.

संधिवात आणि पाठदुखी यांचेही असेच अर्धे-अर्धे आहे. गारठ्यात सांध्यांतील वंगणासारखा द्रव घट्ट होतो, स्नायू आखडतात, आणि मज्जातंतूंमधून संदेश वाहण्याचा वेगही मंदावतो; सकाळी शर्टाची बटणे लावताना बोटे ऐकत नाहीत ती यामुळे. रात्रभर ऊब मिळाली तर सकाळचा ताठरपणा कमी जाणवतो आणि अण्णांच्या गुडघ्यांच्या बाबतीत तसे झालेही. सांध्यातील झीज किंवा सूज यावर त्याचा काही परिणाम होत नाही. चिठ्ठीत घोंगडीचे काटे शरीराला टोचून ‘अॅक्युप्रेशर’ होते असेही म्हटले आहे. ज्या दोषाची ग्राहकाने तक्रार करायची, तोच गुण म्हणून विकण्याची ही युक्ती मला मनापासून आवडली. अर्धांगवायू आणि कांजिण्या यांबद्दल लिहिण्यात शाई घालवण्याचे कारण नाही. पक्षाघाताची लक्षणे दिसल्यावर पहिले काही तास लाखमोलाचे असतात आणि ते घोंगडी शोधण्यात जाऊ नयेत.

टोचण्याचा विषय निघालाच आहे तर दोष सांगतो. घोंगडी टोचते, आणि चांगलीच टोचते. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके त्वचेतील मज्जातंतूंना टोचतात. दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच भरड असते, तिच्यात केसही मिसळलेले असतात. ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, तंतूचा जाडपणा असतो, परंतु हिवाळ्यात त्वचा आधीच कोरडी पडलेली असल्याने त्रास दुप्पट वाटतो. थंड हवेत बाष्प कमी मावते, त्यामुळे त्वचेतला ओलावा उडून जातो, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. आमच्याकडे कोकणातल्या मावशीने पाठवलेले आमसुलाचे तेल टाचांना लावून त्यावर मोजे चढवायचे आणि मग झोपायचे, असा क्रम ठरला आहे. घोंगडीखाली मऊ सुती चादर किंवा धोतराचे जुने पान घेतल्याखेरीज ती अंगावर घेऊ नये. कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची घोंगडी, जिला विक्रेते जावळाची घोंगडी म्हणतात, बरीच मऊ असते, मात्र तिची किंमतही तशीच वर असते.

दुसरा दोष वासाचा. विणण्यापूर्वी ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, तिने नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि तिला खळीचा व मेंढराचा असा एक संमिश्र वास येतो. विणकराने घोंगडी हातात देतानाच सांगितले होते, “पहिला महिनाभर टोचंल अन् वास बी येईल दादा, मग खळ झडली की मऊ पडती.” त्याचा शब्द खरा ठरला, फक्त महिन्याऐवजी पाच-सहा आठवडे लागले. या काळात तिच्यातून बारीक धूळ आणि तुटके तंतू झडतात, म्हणून दमा असणाऱ्यांनी ती आधी बाहेर भरपूर झटकून, काही दिवस उन्हात टाकून मगच वापरावी. थंड कोरडी हवा श्वासनलिका आकुंचित करतेच, तिच्यात धुळीची भर नको. पुण्याहून आलेल्या माझ्या मुलीला दमा आहे, आणि तिने पहिल्याच रात्री ती घोंगडी घ्यायला नकार दिला, तो योग्यच होता.

तिसरा दोष धुण्याचा. मराठीत रेंगाळलेल्या कामाला भिजत घोंगडे का म्हणतात, हे मला फेब्रुवारीत ती एकदा धुतल्यावर पूर्णपणे उमगले. भिजल्यावर ती एकट्याला उचलत नाही, पिळता येत नाही, आणि निफाडच्या कोरड्या हवेतसुद्धा वाळायला तिने अडीच दिवस घेतले. यंत्रात घातली तर आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी, घट्ट होईल. गार पाण्यात रिठ्याने हलक्या हाताने धुवावी, आणि खरे तर वर्षातून एकदाच; एरवी उन्हात टाकून झटकणे पुरते.

किमतीबद्दल. याआधी, नोव्हेंबरमध्ये, मी एका ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानाकडून ‘अस्सल धनगरी घोंगडी’ १,१०० रुपयांना मागवली होती. ती हलकी, मऊ आणि एकसारखी काळी होती, आणि तेवढ्यावरूनच संशय यायला हवा होता, कारण देशी मेंढीचा काळा रंग कधीच एकसारखा नसतो, त्यात तपकिरी आणि करड्या छटा डोकावतात. कडेचे चार धागे उपटून काडी लावली. शुद्ध लोकर पेटता पेटत नाही, करपते, जळक्या केसांसारखा वास येतो आणि बोटांनी चुरगळणारी राख उरते. माझे धागे वितळले आणि त्यांचा कडक काळा मणी झाला. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण तीन आठवडे गेले आणि परत पाठवण्याचा खर्च माझ्या माथी बसला. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यातील एका विणकराकडे स्वतः जाऊन ही घोंगडी घेतली. चिठ्ठी त्याने लिहिलेली नाही. कोणी व्यापारी गठ्ठ्याने देऊन जातो आणि गिऱ्हाईक ती मागते, असे त्याचे म्हणणे. लोकर पिंजणे, कातणे, खळ लावणे आणि खड्ड्यातल्या मागावर विणणे एवढे सगळे हाताने झालेल्या वस्तूला ३,४०० रुपये मला महाग वाटले नाहीत.

वापराबाबत सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट मला उशिरा सुचली. आम्ही सगळे वर काय घ्यायचे याचाच विचार करत होतो. कापसाची जुनी गादी अंगाच्या भाराने दबून तिच्यातील हवा निघून जाते आणि खालची फरशी पाठीतून उष्णता ओढत राहते. वर कितीही घातले तरी हे थांबत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी घोंगडी अण्णांच्या गादीवर अंथरली, तिच्यावर चादर घातली आणि वर आईची गोधडी दिली. दबल्यावरही लोकर बऱ्यापैकी हवा धरून ठेवते, टोचण्याचा प्रश्न चादरीमुळे संपतो, आणि ४ फुटांची अपुरी रुंदी, जी पांघरताना कूस बदलली की हमखास एक बाजू उघडी टाकते, तिचीही अडचण राहत नाही. कडाक्याच्या रात्री या दोन्हींवर ते आहेराचे ब्लँकेट सैलसर टाकले की अण्णा पहाटेपर्यंत पाय सरळ करून झोपत. एकच घोंगडी घेणे परवडत असेल तर ती अंगाखाली घ्यावी, असे मी सुचवीन.

पांघरुणाबाहेरचा गारठा मात्र घोंगडी अडवू शकत नाही. रात्री लघवीला उठताना उबेतून एकदम ११ अंशांच्या खोलीत आणि तिथून ओल्या मोरीत जाणे हा वृद्धांसाठी रात्रीतला सर्वांत नाजूक क्षण असतो; रक्तदाब क्षणात वर-खाली होतो, आखडलेले पाय नीट पडत नाहीत. अण्णांच्या उशाशी आम्ही कानटोपी, बंडी आणि मोजे ठेवले आहेत, आणि उठल्यावर मिनिटभर अंथरुणावर बसूनच मग उभे राहायचे, असे ठरवले आहे. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवण्याची जुनी सवय मी हट्टाने मोडली, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. गरम पाण्याची पिशवी अंथरूण तापवायला चांगली, पण मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी ती अंथरुणात घेऊन झोपू नये. भाजल्याचे सकाळीच कळते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घोंगडी दोन दिवस उन्हात टाकली, झटकली आणि कसरीपासून बचाव व्हावा म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घालून लोखंडी पेटीत ठेवली. तीन महिन्यांत तिची एक कड थोडी उसवली आहे, वास गेला आहे, आणि मधला भाग वापराने स्पष्टपणे मऊ पडला आहे. पेटी बंद करताना अण्णा म्हणाले की रात्री अजून गार असते, एवढी घाई कशाला. डिसेंबरात जो माणूस मला थंडी वाजतच नाही म्हणत होता, त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मी घोंगडी पुन्हा बाहेर काढली. ती होळीपर्यंत त्यांच्या गादीवर होती.